डाकिणीचं पान

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. त्या उन्हाळ्यात जळगावात आमच्या मेहरूणच्या घरात एक पुस्तक तयार होत होतं, आणि त्यातलं एक पान छापलं जाऊ नये एवढीच माझी मागणी होती. का नको, ते सांगायला मात्र माझी जीभ उचलत नव्हती. सदुसष्ट वर्षं उचलली नव्हती.

मी चौथीत शाळा सोडली. पुढे यावल तालुक्यात केळीच्या कटाईवर चाळीस वर्षं मुकादम होतो. घड नुसता हातावर तोलला की सांगायचो, हा दिल्लीला पोचेल, हा वाटेत पिकेल, हा वापसी, म्हणजे इथल्याच बाजारात खपवायचा. शिकलेले व्यापारी माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. हे लिहितोय तेही माझ्या हाताने. नात म्हणाली, आबा, तुम्ही बोला, मी टाइप करते. मी म्हटलं, राहू दे. माझं अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे.

मुलगा आणि सून नोकरीपायी नाशिकला. जळगावच्या घरी मी आणि नात, दोघंच. ती पंचविशीची, एका कचेरीत कामाला जाते आणि चित्रं छान काढते. दर रविवारी दुपारी तिचे चार मित्रमैत्रिणी यायचे आणि जेवणाच्या टेबलावर एक खेळ मांडायचे. पत्ते नाहीत, पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. कोणी तलवारवाला, कोणी जादूगार. वार लागला की चुकला हे फाशावर ठरायचं, आणि फासा वीस बाजूंचा. मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला बोरासारखा वाटला, पण चिकट. सगळ्यांचे घामाचे हात लागलेले.

गोष्ट सांगणारा धुळ्याचा. तिशीचा, चष्मेवाला, तिकडे संगणकाचे क्लास घेतो. दर रविवारी एसटीने यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. पाया पडायचा, आबा म्हणायचा. त्याला वाईट म्हणता येत नाही, हीच अडचण.

त्याच्याकडे परदेशी खेळाचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात सगळी सैतानांची चित्रं. एकाच्या पोटाला तोंड, तोंडाला तीन जिभा, जिभेतून पू गळतोय. एकाचं अंगच अळ्यांचं. एक बाई कमरेपर्यंत बाई आणि खाली गोगलगाईसारखा लगदा. मी शेवभाजीत भाकरी बुडवून घास उचललेला, आणि ह्याने ते पुस्तक माझ्या ताटाशेजारी उघडं टाकलं. तर्रीचा लाल रंग आणि त्या चित्रातला लाल रंग एकच. घास तसाच खाली ठेवला.

"शी! हे काय जेवताना?"

"आबा, हा तर साधा आहे," धुळेवाला म्हणाला. "पुढच्या पानावरचा बघा."

"पुढचा तू बघ. ह्याला आधी मलम लाव कुठलं तरी."

पोरी हसल्या. मला हसू आलं नाही. आयुष्यभर मी सडका माल उचलून बाजूला टाकला. बोटं आत जातात, वास दोन दिवस नखांतून निघत नाही. आणि ही शिकलीसवरली माणसं सडका माल रंगवून पुस्तकात लावतात.

पण वर्गवारी म्हटली की माझे कान टवकारतात, ती माझी खोड. एका रविवारी मी विचारलं, इतके प्रकार आहेत तर ह्यांची प्रत कशी लावता? मग त्याने समजावून सांगितलं, आणि ते ऐकून मला चित्रांपेक्षा जास्त किळस आली.

म्हणे सैतानांच्या तीन जाती. पहिली नियमवाल्यांची. ते करारनामा करतात, सही घेतात, शब्द पाळतात, आणि करारातच माणसाला बुडवतात. त्यांच्यात शिपायापासून राजापर्यंत पायऱ्या, बढती मिळते, चुकलं तर खालच्या पायरीवर उतरवतात. दुसरी जात बेबंदांची. त्यांना नियम नाही, सरदार नाही. चिखलातून उठायचं, दिसेल ते फाडायचं, एकमेकांनाही खायचं. तिसरी जात भाडोत्री. ह्या दोघांचं कायमचं युद्ध चाललेलं, त्यात जो जास्त देईल त्याच्याकडून हे लढतात.

"म्हणजे राक्षसांतही कारकून?" मी म्हणालो.

"कारकूनच जास्त धोकादायक, आबा."

"आणि हे सगळं कोणी जाऊन बघितलं?"

"कोणी नाही. बसून ठरवलं."

बसून ठरवलं! अरे, केळीचा घड तरी हातात घ्यावा लागतो. इथे कोणीतरी खुर्चीवर बसून चिठ्ठ्या लिहिल्या आणि चिकटवून दिल्या. प्रत्येकाखाली आकडे. ताकद एवढी, अक्कल एवढी, कशाला घाबरतो, आणि मारला तर मारणाऱ्याला किती गुण मिळतात. तो शेवटचा रकाना वाचून मी पुस्तक मिटलं. मारल्याचे गुण.

आता माझी चूक सांगतो.

त्या पाच जणांनी ठरवलं, आपलं स्वतःचं पुस्तक काढायचं, मराठीत, खानदेशातल्या भुताखेतांचं. धुळ्याला खेळणाऱ्यांचा मेळावा होता, तिथे वाटायचं. नात माझ्याजवळ वही घेऊन बसली. "आबा, तुम्हाला सगळं माहीत आहे. तुम्ही सांगा, मी लिहिते. पहिल्या पानावर टाकणार, माहिती देणार आमचे आबा."

मी फुगलो. खोटं कशाला बोलू? चौथी सोडलेल्या माणसाला पुस्तकात जागा. चित्रांची किळस होती ती तशीच बाजूला ठेवली आणि सांगत सुटलो. पिंपळावरचा मुंजा सांगितला. विहिरीतल्या आसरा सांगितल्या. खवीस सांगितला. धुळेवाल्याने चकवा भाडोत्रींत घातला, तर त्याच्याशी भांडलो.

"चकवा रात्री माणसाला शेताभोवती फिरवतो, पहाटे सोडून देतो. कोणाकडून दमडी घेत नाही. भाडोत्री कसा?"

"मग बेबंद?"

"बेबंद कसा? एकाच बांधावर फिरवतो, बांध ओलांडत नाही. नियमाने वागतो."

"आबा, तुम्ही आमचा खेळ मोडणार," तो म्हणाला आणि चकव्याला वेगळं पान दिलं. मी तो आठवडाभर सांगत फिरलो की चकव्याला मी पान मिळवून दिलं.

मग नातीने विचारलं, "डाकीण कशी असते?"

मी सांगितलं. तोंडातून सरळ बाहेर आलं, जसं आमच्या गावात प्रत्येक आई पोराला सांगायची आणि मीही माझ्या मुलाला सांगत आलो. डावा पाय ओढत चालते. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले. भाजलेली खापरी, म्हणजे मडक्याचा तुकडा, चावते. दुपारी गाव झोपलं की येते, पोराच्या डोक्यावरून हात फिरवते, टाळू हुंगते. आणि आपल्यासारखं बोलत नाही, शे शे करते. मी सांगत होतो आणि नात खाली मान घालून लिहीत होती.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, त्याच्या पुढच्या रविवारी सगळी पानं कागदावर काढून आणली. सोमवारी धुळ्याच्या छापखान्यात जायची होती. टेबलावर ओळीने मांडली. मी चष्मा लावून एकेक बघत होतो. मुंजा बरा होता. आसरा छान. चकव्याजवळ थांबून मी दोनदा मान हलवली.

डाकिणीचं पान हातात घेतलं.

ती माझी काकू होती.

नातीने काकूला कधी पाहिलं नाही, ऐकलंही नाही. आमच्या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. पण मी जे जे बोललो ते ते पोरीने हुबेहूब उतरवलं होतं. डावा पाय वाकडा, टाच उचललेली. हनुवटीवर तीन ठिपके, मधला जरासा खाली. नुसती नखं लांब केली होती आणि तोंडाला रक्त लावलं होतं. ते रक्त बोटाने झाकलं की काकू.

खाली आकडे होते. ताकद, अक्कल. कशाला घाबरते: मिठाला. मारल्यास गुण: चारशे.

माझे काका लवकर गेले. काकूला मूलबाळ नव्हतं. माहेर तिचं सोनगीरकडचं, म्हणून तिची बोली वेगळी, 'आहे'ला 'शे' म्हणायची. आमच्या गावाला ती बोली परकी. विहिरीवर बाया तिची नक्कल करायच्या. ती मागच्या खोलीत राहायची. दुपारी आई शेतात असली की मी तिच्याकडे जायचो. "काय शे भाऊ, भूक लागनी का?" म्हणायची, आणि भाकरीवर तिखट-तेल घालून द्यायची. खाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. खापरी चावायची ती अंगात रक्त नसेल म्हणून. हे मला पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरकडून कळलं. मी त्याला विचारलं होतं, दुसऱ्या कोणाचं आहे असं सांगून.

मी अकरा वर्षांचा असताना माझा लहान भाऊ तापाने गेला. त्याच पंधरवड्यात शेजारची दोन पोरं आजारी पडली. पश्चिमेकडून भगत बोलावला. तो आमच्या ओट्यावर सुपात ज्वारीचे दाणे घेऊन बसला. जोड्या लावायचा, मोडायचा, पुन्हा लावायचा. सगळं गाव अंगणात. मग त्याने डोळे मिटून सांगितलं, "तीन जात शेतस. घरनी, वाटवरनी, रानमानी. हाई घरनी शे."

घरची. भगताने मला जवळ बोलावलं, मांडीवर हात ठेवला. हात ओलसर होता.

"खरं सांग भाऊ. दुपारले तुना डोकावर कोन हात फिरावस?"

मी खरं सांगितलं. म्हणालो, काकू.

एवढंच. खोटं बोललो असतो तर स्वतःला दोष देणं तरी सोपं होतं. त्यांनी तिचं डोकं भादरलं. बाकीचं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी बैलगाडी जुंपली आणि तिला शिवेबाहेर नेऊन सोडलं. चालत ती माहेरी पोचली. भावाने ठेवून घेतलं, असं कानावर आलं. पुढे मी केळीच्या ट्रकबरोबर मुंबई-आग्रा रस्त्याने किती वेळा गेलो. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला की ड्रायव्हर म्हणायचा, मुकादम, चहा? मी म्हणायचो, पुढे. चाळीस वर्षं मी सोनगीरला चहा घेतला नाही. ती तिथेच म्हातारी होऊन गेली. दहाव्याला आमच्यातलं कोणी गेलं नाही. गावात मात्र ती राहिली. पाय ओढत, खापरी चावत, पोरांना भीती घालायला. मीसुद्धा तिला तसंच वापरलं.

हे सगळं त्या रविवारी मी मनात बघत होतो, आणि टेबलावर वाद चालला होता, डाकीण कोणत्या जातीत घालायची.

"नियमवाली नक्की नाही," एक पोरगी म्हणाली.

"बेबंद म्हणावी तर ठरलेल्या वेळी येते," दुसरा.

धुळेवाला चष्मा पुसत म्हणाला, "तीन जाती आहेत. तिसरी उरते. कोणीतरी मोबदला देतं म्हणून ती पोरं खाते, असं धरू."

दाण्यांच्या जोड्या मोडत बसलेला भगत आणि हा, दोघांचा आवाज एकच. शांत, समजूतदार, घाई नाही. मला त्या क्षणी त्याची किळस आली, आणि तो बिचारा मघाशीच माझ्या पाया पडला होता.

"हे पान काढा," मी म्हणालो.

"का आबा? सगळ्यात भारी पान आहे हे," नात म्हणाली. "मी चार रात्री बसले ह्याच्यावर."

"काढा म्हटलं ना."

"पण का?"

"मी सांगितलं होतं, मीच परत घेतो. माल माझा."

धुळेवाला हसला. वाईट हसला नाही. "आबा, चकव्याच्या वेळी तुम्ही कारण दिलंत, आम्ही ऐकलं. ह्याही वेळी द्या. नुसतं नको म्हटलं तर इथे कोणाचंच ऐकत नाहीत, माझंसुद्धा नाही. हा नियम आहे आमचा."

बरोबर होतं त्याचं. त्यानेच राग जास्त आला. मी पान उचललं, चोळामोळा केलं आणि खिशात घातलं. मग नात हळूच म्हणाली, "त्याने काय होणार आबा? ते संगणकात आहे."

"असू दे. पण आता माझं नाव त्या पुस्तकात नको."

"नाव काढू की पान काढू, एक काहीतरी सांगा."

मी उठून आत गेलो. आतून ऐकू येत होतं. धुळेवाला म्हणत होता, "म्हातारे लोक घाबरतात गं. त्यांना ते खरं वाटतं." आणि नात म्हणाली, "माझे आबा भुताला नाही घाबरत." तो संध्याकाळच्या गाडीने पुस्तक घेऊन गेला. सकाळी दहाला छापखाना उघडणार होता.

नात माझ्याशी बोलली नाही. वाढून दिलं, भरीत-भाकरी, आणि ताट ठेवताना आवाज केला. मी खाल्लं नाही. खिशातला तो चोळामोळा मांडीला टोचत होता. मी सांगू शकलो असतो. दोनच वाक्यं होती. पण मला लाज होती ती काकूची नव्हे. ह्या पोरीने माझ्याबद्दल जन्मभर जे ऐकलंय, मुकादम, पारखी, कोणापुढे न वाकणारा, त्याच्याशेजारी तो अकरा वर्षांचा पोरगा उभा करावा लागणार होता. तो मला बघवत नव्हता. त्या पुस्तकातला अळ्यांचा सैतान बघवला असता.

सकाळी सहाला उठून मी धोतर नेसलो, टोपी घातली आणि नातीला हलवून उठवलं.

"चल. धुळ्याला जायचं."

"आबा, मला ऑफिस आहे."

"रजा टाक."

"कशाला जायचं ते तरी सांगा."

"गाडीत सांगतो."

ती बडबडत उठली, तरी आली. सात वाजताच्या एसटीत मधल्या बाकावर बसलो. ती खिडकीबाहेर बघत होती, एकदा म्हणाली, "गाडीत सांगतो म्हणालात." एरंडोल गेल्यावर मी सुरुवात केली. खिडक्या खडखडत होत्या आणि मला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी ओरडूनच बोलत होतो, ते मला माहीत नव्हतं. काकूचं माहेर, तिचा पाय, भाकरीवरचं तिखट-तेल, भगताचा ओलसर हात, त्याने काय विचारलं आणि मी काय सांगितलं. मध्ये बघितलं तर पुढच्या बाकावरचे दोघे मान वळवून ऐकत होते, आणि कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून उभा होता. थांबावं वाटलं. मग वाटलं, तेव्हाही सगळ्या अंगणाने ऐकलं होतं. पुढे बोललो. काकूचं नाव सांगितलं. ते नाव मी तोंडाने पहिल्यांदाच घेतलं, ती गाव सोडून गेल्यापासून.

नातीने माझा हात धरला नाही, काही नाही. तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि धुळेवाल्याला लावला.

"ते पान थांबव," ती म्हणाली. तिकडून तो काहीतरी बोलला. ती म्हणाली, "कारण आहे. पण ते मी नाही सांगणार."

आणि मोबाइल माझ्या हातात दिला. पारोळ्याचा स्टँड आला होता, माणसं चढत होती. मी मोबाइल कानाला लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.